डोंगरावरचे स्वस्त पेट्रोल

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील राज्य विधानभवनाच्या पायऱ्यांवर या एक मैलाची खूण आहे. आणि गंमत अशी की, ती एका जागी राहिलेली नाही. आधी १५व्या पायरीवर कोरलेली ही खूण १९६९ मध्ये नव्या मोजणीनुसार १८व्या पायरीवर गेली आणि २००३ मध्ये पुन्हा मोजणी होऊन १३व्या पायरीवर उतरली. मोजमाप चुकल्याचे दिसताच ते दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा कौतुकास्पदच म्हटला पाहिजे. परंतु त्याच शहरातील पेट्रोल पंपांवर कित्येक दशकांपूर्वीच्या हिशेबाची एक खूण अजून तशीच लटकत आहे आणि तिची किंमत गाडीवाले मोजत आहेत.

तेथील पंपांवर सामान्यतः तीन प्रकारचे पेट्रोल मिळते : ८५, ८७ आणि ९१ ऑक्टेनचे. अमेरिकेच्या किनारी व सखल प्रदेशांत ‘रेग्युलर’ या नावाने विकले जाणारे सर्वांत स्वस्त पेट्रोल ८७ ऑक्टेनचे असते. कोलोरॅडो, वायोमिंग, यूटा यांसारख्या रॉकी पर्वतराजीतील राज्यांत त्याच ‘रेग्युलर’ नावाखाली ८५ चे पेट्रोल गाडीत भरले जाते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे कोणी म्हणेल. पण हा फसवणुकीचा प्रकार नव्हे. आकडा पंपावर ठळक छापलेला असतो. उंचावर हवा विरळ असते आणि विरळ हवेत इंजिनाला कमी ऑक्टेन पुरते, हा त्यामागील हिशेब. तो एके काळी बरोबर होता. आज रस्त्यावर धावणाऱ्या टर्बो इंजिनांना तो लावणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डेन्व्हरच्या पेट्रोलची चिंता मांडवीकाठच्या वृत्तपत्राने का करावी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. एक तर आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना, भाचे-पुतणे आज अमेरिकेत संसार करीत आहेत. दुसरे म्हणजे, टर्बो हा शब्द आपल्याकडे एके काळी घाट चढणाऱ्या डिझेल ट्रकच्या पाठीवर वाचावयास मिळत असे; तो आता पेट्रोलवर चालणाऱ्या घरगुती गाडीच्या पाठीवर येऊन बसला आहे. लहान गाड्यांना करसवलत देताना २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने पेट्रोल इंजिनासाठी १,२०० सी.सी.ची आणि गाडीच्या लांबीसाठी चार मीटरांची मर्यादा घातली. पुढे करांची नावे व दर बदलले, पण ही सीमारेषा टिकली. इंजिन लहान ठेवून ताकद मात्र मोठी हवी, तर टर्बोला पर्याय नाही. तेव्हा ज्या प्रश्नावर डेन्व्हरचा गाडीवाला गोंधळतो, त्याच प्रश्नाशी चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या वा सुट्टी काढून लेहची वाट धरणाऱ्या आपल्या माणसाचाही संबंध येतो.

मुळात ऑक्टेन म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधील ताकद; आकडा मोठा तर ताकद मोठी. ही समजूत चुकीची आहे. ऑक्टेन हा पेट्रोलच्या संयमाचा आकडा आहे. सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्वाला प्लगपासून निघून क्रमाक्रमाने दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोचावी, अशी अपेक्षा असते. परंतु तेवढ्या अवधीत दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण दाब आणि उष्णता यांनी इतके तापते की, ज्वाला येण्यापूर्वीच ते आपणहून भडकते. तो भडका हातोडीच्या घावासारखा असतो. जुन्या फियाट वा ॲम्बॅसिडर गाडीतून वरच्या गिअरमध्ये घाट चढताना ऐकू येणारी इंजिनातील टणटण ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना नॉकिंग म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. दाब व उष्णता सोसून ठिणगीची वाट पाहण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून ही मोजपट्टी सुचविली. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२१ मध्ये, टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थोपविता येते हे शोधून काढले होते. त्या शिशाने जगाची हवा किती नासली, हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या देशातून ते पेट्रोल हद्दपार व्हावयास २००० साल उजाडावे लागले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण त्यावाचून परदेशी गेलेला आपला माणूस हटकून फसतो. ऑक्टेन मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकीत इंजिन सौम्य परिस्थितीत चालविले जाते, दुसरीत अधिक कडक. आपल्याकडे व युरोपात पहिल्या रीतीचा आकडा सांगतात. अमेरिकेत दोहोंची सरासरी पंपावर लिहितात. त्यामुळे आपल्या मोजपट्टीवरचे ९१ चे पेट्रोल हे अमेरिकेच्या ८७ च्या जवळपास येते. त्यांचे ९१ म्हणजे आपल्याकडचे ९५ किंवा थोडे अधिक. डेन्व्हरचे ८५ आपल्या मोजपट्टीवर ९० च्या आगेमागे भरेल. आपल्या ९१ च्या आठवणीने तिथल्या ९१ ला हात घालणारा पाहुणा उगाच जादा पैसे मोजतो. आणि ८७ पाहून हे पेट्रोल हलके आहे अशी शंका घेणाराही तितकाच चुकतो.

आता उंचीकडे वळू. हवेत प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचावर घटतो तो हवेचा दाब. समुद्रकिनाऱ्यावरील दाब १०० धरला तर साडेसातशे मीटरांवरच्या बेळगावात तो ९१-९२ भरतो, डेन्व्हरला ८२-८३, साडेतीन हजार मीटरांवरील लेहला ६५ आणि खारदुंग ला खिंडीत जेमतेम निम्मा. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा ओढून घ्यावी लागते. ती विरळ असेल तर प्रत्येक श्वासात हवेचा साठा कमी येतो, त्याबरोबर जाळता येणारे पेट्रोल कमी होते आणि ताकद घटते. स्थूलमानाने दर हजार फुटांस तीन टक्के ताकद जाते असे धरतात. म्हणजे डेन्व्हरचे साधे इंजिन आपल्या ताकदीचा सहावा हिस्सा गमावूनच रस्त्यावर येते. पण सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आले की, ते दाबल्यावरचा अंतिम दाबही कमी राहतो आणि नॉकिंगची भीती आपोआप ओसरते. कार्बोरेटरच्या काळात, जेव्हा इंजिनाला स्वतःच्या आवाजाचीही जाण नव्हती, तेव्हा पर्वतीय राज्यांत ८५ चे पेट्रोल विकण्यात काही गैर नव्हते. ते स्वस्त पडत असे आणि गाड्यांना चालत असे. जे कारखान्यास परवडते आणि गिऱ्हाइकास बाधत नाही, ते चालू झाले यात नवल ते काय?

या हिशेबात पाचर ठोकली ती टर्बोने. आणि योगायोग असा की, टर्बोची पहिली मोठी परीक्षा याच कोलोरॅडोच्या डोंगरावर झाली होती.

एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात दाबून हवा भरावी, या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड बुखी यांनी १९०५ मध्ये घेतले होते. पहिल्या महायुद्धात विमाने जसजशी उंच जाऊ लागली, तसतशी त्यांची इंजिने धापा टाकू लागली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी यावर टर्बोचा उपाय सुचविला. तो पारखावयाचा कसा? विमानात बसवून पाहण्याचा धोका पत्करण्यापेक्षा त्यांनी १९१८ मध्ये लिबर्टी जातीचे विमान-इंजिन ट्रकवर चढविले आणि चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीक या शिखराच्या माथ्यावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन माथ्यावर टर्बोविना २३० अश्वशक्तीवर आले. टर्बो जोडताच तेथेच त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. डोंगराने काढून घेतलेले सर्व टर्बोने परत दिले, वर थोडे अधिकच. पुढे १९२० मध्ये असेच टर्बो लावलेले दुपंखी विमान घेऊन मेजर रुडॉल्फ श्रोडर ३३,००० फुटांच्या वर गेले.

या प्रयोगाचा जो अर्थ १९१८ मध्ये सिद्ध झाला, तो १९८० नंतरच्या पेट्रोल-विक्रेत्यांनी ध्यानात घ्यावयास हवा होता. टर्बो इंजिनापुरता डोंगर नाहीसा होतो. बाहेर हवा कितीही विरळ असो, टर्बो ती दाबून सिलिंडरमध्ये किनाऱ्यावरच्याच मापाने भरू पाहतो. मग सिलिंडरमधला दाब किनाऱ्यावरचा, नॉकिंगची भीती किनाऱ्यावरची, आणि पेट्रोल मात्र डोंगरावरचे, अशी विसंगती उभी राहते.

प्रकरण एवढ्यावरच थांबत नाही. समजा, किनाऱ्यावर टर्बो हवेचा दाब १ वरून १.८ वर नेतो. डेन्व्हरला बाहेरचा दाब ०.८३ आहे. तेथे १.८ गाठावयाचे तर टर्बोला हवा जवळजवळ २.१७ पट दाबावी लागते. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अधिक दाबले की अधिक तापते. सर्वसाधारण कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर २७ अंशांची हवा किनाऱ्यावर दाबल्यानंतर १०५ अंशांच्या आसपास जाते. तीच डेन्व्हरला १३० च्या वर. पुढे इंटरकूलर ती निववतो हे खरे, परंतु इंटरकूलरवरून वाहणारी बाहेरची हवाही तेथे विरळच असते, त्यामुळे त्याचेही काम अडते. डोंगरावरचा गारवा थोडी भरपाई करतो; उलट तेथील कोरडेपणा नॉकिंगला साहाय्यच करतो, कारण हवेतील बाष्प ज्वलनाला आवर घालीत असते. सारांश, डोंगरावर टर्बो इंजिनाची ऑक्टेनची गरज घटते असे गृहीत धरण्यास आधार नाही. प्रसंगी ती किनाऱ्यापेक्षा वाढूही शकते.

अर्थात सर्व टर्बो एकाच जातीचे नसतात. जुन्या टर्बोंत केवळ स्प्रिंगच्या जोरावर दाबाला आळा घालणारी झडप असे. ती बाहेरच्या हवेच्या तुलनेत ठराविक दाब वाढवू देई. त्यामुळे बाहेरचा दाब घटला की एकूण दाबही घटे, आणि उंचीचा फायदा अंशतः मिळे. आताच्या गाड्यांत झडपेवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते व ते एकूण दाब पाहून चालते. त्यालाही मर्यादा आहेच. लेहच्या पुढे खिंडी चढू लागले की टर्बोचे चक्र परवानगीच्या वेगाला भिडते, आणि इंजिनाचे नियंत्रक ते मोडू नये म्हणून दाब उतरवितात. तेथे टर्बोचीही ताकद घटते. मात्र शेजारच्या साध्या इंजिनाहून बरीच कमी.

टर्बो आणि पेट्रोलचा संयम यांचे हे वैर पेट्रोल गाड्यांच्या आरंभापासूनचे आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो लावलेली मोटार बाजारात आली. नॉकिंग आवरण्यासाठी तिच्यात पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती आणि त्यासाठी वेगळी बाटली भरून ठेवावी लागे. मालक ती भरावयास विसरत. बाटली रिती झाली की गाडी आपला जोर आवरून घेई आणि मालक कंपनीकडे तक्रार नेई. अखेरीस कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. पुढे स्वीडनच्या साब कंपनीने इंजिनावर नॉकिंग ऐकणारा कान, म्हणजे नॉक सेन्सर बसवून टर्बोचा दाब त्यानुसार कमीजास्त करण्याची युक्ती १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आणली. आज हा कान जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे.

आणि याच कानामुळे ८५ च्या पेट्रोलचा दोष झाकला जातो. टर्बो गाडीत कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले तर इंजिन लगेच मोडत नाही. सेन्सरला नॉकिंगची चाहूल लागते, नियंत्रक ठिणगीची वेळ मागे ढकलतो, टर्बोचा दाब उतरवितो, आणि गाडी बिनआवाज चालत राहते. चालकाला काहीच कळत नाही. परंतु उशिरा लागलेल्या ठिणगीने जळालेल्या पेट्रोलचे काम कमी होते. जी ऊर्जा पिस्टनला ढकलावयाची ती उष्णतेच्या रूपाने एक्झॉस्टमध्ये जाते. ताकद घटते, मैलाचे मान घसरते, टर्बोचे चक्र अधिक तापते. पंपावर गॅलनमागे वाचविलेली चिल्लर टाकीतून दुप्पट गळण्याचा संभव असतो, फक्त तिची पावती कोणी देत नाही. भर उन्हात, गाडी माणसांनी भरलेली, मागे ओढगाडी आणि समोर चढण, अशा वेळी सेन्सरचीही मात्रा चालेनाशी होऊ शकते.

हे आमचे तर्कट नव्हे. अमेरिकेच्या संघसरकारचीच गाडीवाल्यांसाठी सूचना आहे की, ८५ ऑक्टेनची मुभा कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातली असून आधुनिक इंजिनांना ती लागू पडत नाही. उत्पादकाने सांगितलेले पेट्रोल डोंगरावरही वापरावे. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत ८७ पेक्षा कमी वापरू नये असे छापलेले असते, आणि काहींत तर उंच प्रदेशांतील पंपांचा नामनिर्देश करून, अशा पेट्रोलने झालेली हानी हमीत धरली जाणार नाही, असा इशाराही असतो. सरकार नको म्हणते, कारखानदार नको म्हणतो, तरीही पंपावर सर्वांत स्वस्त नळी ८५ चीच! ज्याला पुस्तिका वाचण्याची सवय नाही तो ‘रेग्युलर’ हा शब्द वाचतो आणि निर्धास्तपणे नळी उचलतो. या व्यवस्थेत कोणी कायदा मोडीत नाही. जबाबदारी मात्र सर्वांत कमी माहिती असणाऱ्या माणसाच्या शिरावर येऊन पडते. आम्हांस आक्षेपार्ह वाटते ते हेच.

आणि एकदा उंचीची सबब मिळाली की ती उंचीपुरती राहत नाही. दक्षिण डकोटा राज्यात पश्चिमेकडील ब्लॅक हिल्सच्या डोंगराळ भागात चालणारे ८५ चे पेट्रोल राज्याच्या पूर्वेकडील सखल भागातही विकले जात असल्यावरून २०१२ साली वाद उद्भवला होता. ज्या मैदानात विरळ हवेचा प्रश्नच नाही, तेथे डोंगराच्या नावाने स्वस्त माल खपू लागला. व्यापाराचा ओघ उताराकडेच वाहतो, त्याला कोणी आश्चर्य मानू नये.

याच्या उलट बाजूचा मोह आपल्याकडे अधिक दिसतो. सुदैवाने भारतात उंचीनुसार ऑक्टेन उतरविण्याची प्रथा नाही. पणजीच्या पंपावर आणि लेहच्या पंपावर साध्या पेट्रोलसाठी एकच मानदंड आहे. म्हणून डोंगरावर जाताना कमी प्रतीचे पेट्रोल पदरी पडण्याची भीती येथे नाही. पण ९५ आणि १०० चे आकडे पंपांवर झळकू लागल्यापासून, घाट चढावयाचा आहे, भारी पेट्रोल भरलेले बरे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिले आहे तिला १०० पाजल्याने घाट सोपा होत नाही. संयमी पेट्रोलचा लाभ, संयमाची गरज असलेल्या इंजिनालाच होतो. अमेरिकेतील ‘ए.ए.ए.’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये चाचण्या घेऊन हेच दाखविले, आणि गरज नसता महाग पेट्रोल भरून तेथील लोकांनी एका वर्षात दोन अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम वाया घालविली असा अंदाज दिला. मात्र टर्बो गाडीच्या टाकीच्या झाकणाआड ९५ चा आकडा असेल, तर तो किनाऱ्यावर पाळावा तसाच लेहलाही पाळावा. वर हवा विरळ आहे म्हणून तेथे साधे चालेल, हा जुना हिशेब टर्बोपुढे लागू नाही. टर्बो नसलेल्या गाडीने लेहला जाणाऱ्याने ऑक्टेनची चिंता सोडून गिअर वेळीच खाली आणण्याची सवय करावी. तेथे हरवलेली ताकद कोणत्याही पेट्रोलने परत मिळत नाही.

डेन्व्हरला मुलाकडे जाऊन भाड्याची गाडी घेणाऱ्या आमच्या वाचकांसाठी एकच व्यावहारिक सूचना. पंपावरील ‘रेग्युलर’ हा शब्द वाचू नका, आकडा वाचा. आणि गाडीत काहीही लिहिलेले सापडले नाही तर ८७ ची नळी उचला. ८५ भरून डोंगर उतरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघालात, तर टर्बो नसलेल्या गाडीलाही ते पेट्रोल वाटेतच अपुरे पडू लागते, कारण हवा प्रत्येक मैलागणिक दाट होत जाते आणि टाकीतला आकडा तेवढाच राहतो. अशा वेळी टाकी निम्मी होताच पहिल्या सखल गावी चांगले पेट्रोल मिसळून घ्यावे आणि तोवर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवावा.